जिराफाच्या मानेतली काठी

दिवे लागतात. आधी वरचे, मग बाजूचे, आणि शेवटी टेबलावर पडणारा तो मोठा पांढरा झोत. मधोमध निळं टेबल. टेबलावर रंगीत कागदांची चळत, गोंदाची बाटली, बोथट टोकांची छोटी कात्री. टेबलामागे पिवळ्या सदऱ्यातली ताई. ती कॅमेऱ्याकडे बघून अशी हसते की घरोघरी टीव्हीसमोर मांडी घालून बसलेल्या प्रत्येक पोराला वाटावं, ही आपल्याकडेच बघून हसली. रविवारची सकाळ, कार्यक्रम थेट, आणि चूक झालीच तर ती झाकायला पडदा नाही.

"मुलांनो, हे वाळायला आता वेळ लागणार," ताई म्हणते. "पण काळजी करू नका. मी एक आधीच तयार करून ठेवलाय."

ती टेबलाखाली हात घालते आणि वर येतो जिराफ. पुठ्ठ्याच्या नळ्यांचा, पिवळाधमक, अंगावर तपकिरी ठिपके, आणि मान कशी, तर नुकतंच बक्षीस मिळालेल्या पोरासारखी ताठ.

प्रेक्षकांना दिसतं ते एवढंच. आता जरा विंगेतून बघा. टेबलाखाली, निळ्या कापडाच्या आड, गुडघे कानांना टेकवून साठी उलटलेला एक माणूस बसलाय. मांडीवर ट्रे. ट्रेमध्ये एक अर्धवट जिराफ, एक पाऊण जिराफ आणि आत्ताच रिकामी झालेली जागा. वरून ताईचा हात आला की त्या हातात नेमकी वस्तू ठेवायची, हे त्याचं काम. पूर्वी या वस्तू टेबलाखालच्या फळीवर मांडलेल्या असत. पण एकदा ताईने पूर्ण माशाऐवजी बिनशेपटीचा मासा बाहेर काढला आणि "बघा, किती सुंदर शेपटी" असं म्हणून मोकळी झाली. त्याच दिवशी दिग्दर्शक म्हणाला, "काका, तुम्हीच खाली बसत जा." काका बसले, ते बसलेच. ताईने तयार करून ठेवलेलं सगळं ज्याने तयार केलेलं असे, तो हा माणूस. म्हणून स्टुडिओत त्याचं नाव पडलं तयारकाका. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणाला तरी आठवायचं.

तयारकाका मूळचे नाटकातले. सिंहासनं, तलवारी, मुकुट, पालख्या, सगळं पुठ्ठा, खळ आणि सोनेरी कागद यांतून उभं करायचे. अहाहा, काय एकेक चीज असायची ती. दिव्यांच्या उजेडात त्यांचं सिंहासन असं झळकायचं की त्यावर बसणाऱ्या नटाच्या आवाजात आपोआप वजन यायचं. मात्र मागे जाऊन बघायचं नाही. मागे उघड्या फळ्या, बाहेर आलेले खिळे, आणि फळांच्या खोक्यावरचे शिक्के. समोरून दिसतं तेवढंच करायचं, हा त्यांच्या हाताला लागलेला धडा होता. एकदा राजेसाहेब रागाच्या भरात भलत्याच बाजूला फिरले आणि मुकुटाच्या मागे राहिलेली साबणाची जाहिरात पुढच्या रांगांनी मोठ्याने वाचून काढली. टाळी त्या प्रयोगाची सगळ्यात मोठी तीच पडली. पण तयारकाका बदलले नाहीत. ते म्हणाले, "राजाने पाठ दाखवायची नसते."

पुढे नाटक कंपनी बसली. सामान विकलं गेलं, माणसं पांगली. टीव्हीवर मुलांसाठी हस्तकलेचा कार्यक्रम निघाला तेव्हा कुणाला तरी यांची आठवण झाली. काका आले, सोबत तोच धडा घेऊन आले. स्टुडिओचे दिवे तापतात, गोंद सुटतो, कागद मान टाकतो. काकांना त्याची काय भीती. जिराफाच्या मानेत त्यांनी सरळ लाकडी काठी घातली, ती खालच्या फळीला खिळ्याने ठोकली, आणि मागची बाजू, जी कॅमेऱ्याला दिसणार नव्हती, ती उघडीच ठेवली. ताईने पोरांना सांगितलं होतं की दोन नळ्या गोंदाने चिकटवा. काठीचा उल्लेख कुठेच नव्हता.

आणि त्याच रविवारी त्यांच्या घरी त्यांची नात जिराफ करायला बसली.

तिला सगळे मुंगी म्हणत. ती कायम काहीतरी उचलून कुठेतरी नेत असायची, म्हणून. वय सात. तिची आई, म्हणजे काकांची मुलगी, इस्पितळात नर्स होती. तिच्या कामाच्या पाळ्या कशाही असायच्या, त्यामुळे मुंगीचा मुक्काम आजी-आजोबांकडेच जास्त. आजी घरीच शिवणकाम करायची. मशीन खिडकीपाशी, आणि मशीनच्या पायाशी मुंगीचं दुकान: रिकामी खोकी, झाकणं, रिळं, चिंध्या.

जिराफ उभा राहिला आणि त्याने मान टाकली. तिने पुन्हा चिकटवली. पुन्हा टाकली. संध्याकाळी काका घरी आले तेव्हा ती जमिनीवर पालथी पडून त्या मानेला हाताने धरून होती.

"गोंद वाळू दे गं," काका म्हणाले. "घाई करतेस तू."

तिने सोमवारपर्यंत हातही लावला नाही. सोमवारी शाळेतून आली, दप्तर टाकलं, आणि जिराफाच्या जवळ जाऊन नुसती फुंकर घातली. मान खाली.

मुंगी रडली नाही. तिने जिराफ उचलला आणि केराच्या बादलीत ठेवला. टाकला नाही, ठेवला. मग कात्री, गोंद आणि रंग एका पिशवीत भरले आणि पिशवी आजीला दिली.

"वर ठेव. मला नाही येत हे. माझे हात वाईट आहेत."

"काय बोलतेस," आजी म्हणाली.

"ताईचा उभा राहतो. माझा नाही राहत. मी तसंच केलं होतं, अगदी तसंच." तिने दोन्ही हात पुढे धरून बघितले, जसे दुकानात फाटके मोजे उलटून बघतात तसे. "हातच वाईट आहेत."

त्यानंतरचे रविवार ती टीव्हीसमोर बसलीच नाही. शाळेतल्या बाईंनी तिच्या आईला सांगितलं, हस्तकलेच्या तासाला ती कपटे गोळा करायचं काम मागून घेते, स्वतः काही करत नाही. मुलीने हे फोनवर सांगितलं तेव्हा काकांनी हं हं केलं आणि फोन आजीकडे दिला.

आजीने फोन ठेवला आणि मशीन सुरू केली. थोडं शिवून थांबली.

"अहो, सांगा ना तिला, आत काठी आहे म्हणून."

"धंद्याची गोष्ट आहे ती. जादूगार सांगतो का ससा कुठे होता ते?"

"सशाने कुणाचं बिघडत नाही. ही पोर स्वतःच्या हातांना नावं ठेवतेय."

"लहान आहे. विसरेल."

"हो, मोठी झाली की विसरेल. आणि मग कुणी सुई दिली तर म्हणेल, मला नाही येत. कुणी पेन दिलं तर म्हणेल, मला नाही येत. तुमचा ससा राहू दे टोपीत."

 त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. आयुष्यभर त्यांनी वस्तू केल्या त्या कुणी तरी बघून हरखून जावं म्हणून. त्यातली एक बघून कुणी स्वतःचे हात खाली घ्यावेत, आणि ते हात आपल्याच घरातले असावेत, हे त्यांच्या हिशेबात कधी आलं नव्हतं.

मग एक दिवस असा आला की शाळेला सुट्टी, मुलगी कामावर आणि आजीला बहिणीकडे जायचं होतं. काका मुंगीला घेऊन स्टुडिओत गेले. सामानाच्या खोलीत तिला स्टुलावर बसवलं, हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि "कशाला हात लावू नकोस" एवढं सांगून दिग्दर्शकाकडे गेले. येऊन बघतात तर पुडा न फोडलेला आणि मुंगी फळीसमोर उभी. तिच्या हातात जिराफ. उलटा धरलेला.

"आजोबा, याला पाठ नाही."

काका दारातच थांबले.

"आणि आत काठी आहे. खिळा पण आहे." तिने बोट घालून दाखवलं. "ताईने काठी सांगितलीच नव्हती."

"नव्हती सांगितली."

"हा तू केलास?"

"मी केला."

तिने खिळ्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे माझा पडला, तो पडणारच होता?"

"पडणारच होता गं. कुणाचाही पडला असता. तुझे हात चांगले आहेत."

मुंगीने जिराफ जागेवर ठेवला, तोंड कॅमेऱ्याकडे असावं तसं नीट समोर करून. मग म्हणाली, "गोंद वाळू दे, असं पण तूच म्हणाला होतास."

काकांनी विंगेकडे बघावं तसं दाराकडे बघितलं. नाटकात वाक्य अडलं की विंगेतून कुणीतरी हळूच ते पुरवतो. तिथे कुणी नव्हतं.

घरी आल्यावर तिने आजीला पहिली बातमी दिली. "आजोबा खोटे जिराफ करतात."

"तुला आज कळलं होय," आजी म्हणाली. "आमचं लग्न झालं त्या वर्षी यांनी मला कपाट करून दिलं. काय सुरेख दिसायचं, कोरीव काम, पितळेची मूठ. कौतुकाने मूठ ओढली तर हातात आली. मागे नुसती भिंत."

"मग कपडे कुठे ठेवलेस?"

"पेटीत. कपाट पाहुण्यांना दाखवायला ठेवलं."

मुंगीला हसू आलं, पण ते तिने आजीसाठी ठेवलं. आजोबांकडे बघितलं नाही.

येत्या रविवारच्या कार्यक्रमात शहामृग होता. म्हणजे यायचा होता. दिग्दर्शकाने चित्र काढून दिलं होतं: उंच, दोन बारीक पाय, पुठ्ठ्याचं अंग, कागदाची पिसं. काकांनी सवयीने दोन काठ्या तासायला घेतल्या, आणि तासता तासता थांबले. काठ्या बाजूला ठेवल्या. वर ठेवलेली मुंगीची पिशवी खाली काढली. तिची बोथट कात्री घेतली, तिचा गोंद घेतला, रिकामं खोकं घेतलं आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले. ताई सांगणार होती तेवढंच करायचं, जास्त एक टाका नाही, असं ठरवून बसले.

पण चाळीस वर्षं कापणारा हात तो. बोथट कात्रीनेही कड सुतासारखी सरळ आली. अंग गुळगुळीत, पिसं ओळीत. हा शहामृग बघून कुठलंही पोर पुन्हा आपले हात उलटून बघणार, हे काकांना दिसत होतं. त्यांनी तो बाजूला केला आणि दुसरा करायला घेतला, मुद्दाम वाकडा. डोळा खाली, चोच एका बाजूला, पिसं विस्कटलेली.

मुंगी दाराच्या चौकटीला टेकून केव्हाची बघत होती. तिच्याने राहवलं नाही.

"हे काय करतोयस?"

"वाकडा शहामृग."

"असा वाकडा नसतो."

काकांनी तो हातात फिरवून बघितला. खरंच होतं तिचं. तो नाटकातल्या दारुड्यासारखा वाकडा होता, टाळीसाठी झोकांड्या खाणारा.

"मग कसा असतो?"

"वाकडा करायचा नसतो," मुंगी म्हणाली, मंदबुद्धी माणसाला समजवावं तशा सुरात. "सरळच करायचा असतो. मग तो होतो."

"मला नाही होत तसा. मी सरळ करायला गेलो की सरळच होतो. हा बघ." त्यांनी पहिला पुढे केला. "आता मी काय करू? रविवारी ताईच्या हातात काय देऊ?"

हा डाव नव्हता. काका खरोखरच अडले होते, आणि पोरांना ते बरोबर कळतं. मुंगी आत आली. उकिडवी बसली. "सरक," म्हणाली.

तिने कात्री घेतली. पुठ्ठा कापताना तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली. कड लाटेसारखी निघाली. गोंद हवा त्यापेक्षा जास्त पडला, तिने तो बोटाने पुसला, बोट फ्रॉकला पुसलं, आणि पिसं चिकटवताना निम्मी बोटालाच चिकटली. काका हात मांडीखाली दाबून बसले होते. ते हात मदतीला धावू नयेत म्हणून त्यांना जेवढे कष्ट पडले, तेवढे सिंहासन करताना पडले नव्हते.

शहामृग तयार झाला. तिने तो पायांवर उभा केला. पाय फाकले आणि तो बसला.

मुंगीचा चेहरा बदलला. तो सोमवारचा चेहरा काकांना ओळखीचा होता. काठी अगदी हाताशी होती. त्यांनी ती पायाने फ्रिजखाली ढकलली.

"आता?" त्यांनी विचारलं.

मुंगीने शहामृगाकडे बघितलं. शहामृगही तिच्याकडे बघत होता, दोन डोळे वेगवेगळ्या आकारांचे.

"आजोबा, शहामृग बसतात का?"

"अंड्यांवर बसत असतीलच की."

"मग हा बसलाय." तिने चिंध्यांचं घरटं केलं, पाय खाली दुमडले, कागदाचे गोळे करून अंडी ठेवली. "दमलाय तो. पळून पळून."

आजीने मशीनवरून मान वळवून बघितलं. "कोंबडी छान झालीय."

"शहामृग आहे," दोघं एकदमच म्हणाले.

रविवारी काका निघाले तेव्हा मुंगीने शहामृग स्वतः खोक्यात ठेवून दिला, पण सोबत यायला तयार झाली नाही. "टीव्हीवर पडला तर?"

"बसलेला कसा पडेल?"

"माझं काहीही पडतं," ती म्हणाली आणि आत गेली.

स्टुडिओत दिग्दर्शकाने खोकं उघडलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

"काका, हे कोणी केलं?"

"शिकाऊ माणसाने."

"आपलं ठरलं होतं उभा शहामृग. बसलेला शहामृग म्हणजे कोंबडी हो."

"घरीही तसंच म्हणाले. पण साहेब, उभा राहत नाही तो. सांगतो त्या रीतीने केला तर कुणाचाच राहत नाही. मी आत काठ्या घालायचो म्हणून राहायचा. आता घालणार नाही."

"आज अचानक?"

"जिराफाने माझ्या घरी एका पोरीचे हात बंद केले. बाकीच्या घरी काय झालं असेल, मला विचार करवत नाही."

दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त घड्याळ दिसत होतं. त्याने ताईकडे बघितलं. ताईने शहामृग उचलला, उलटा केला, पाठीवर हात फिरवला.

"याला पाठ आहे," ती म्हणाली. मग काकांकडे वळली. "काका, मला सरळ रेघ मारता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. इतकी वर्षं मी एकही वस्तू शेवटपर्यंत केलेली नाही. आज करते. जशी होईल तशी."

"आणि ते वाक्य?" काकांनी विचारलं. "तयार करून ठेवल्याचं?"

"ते मी बघते."

काका टेबलाखाली गेले. दिवे लागले. वर काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं, पण आवाजावरून सगळं कळत होतं. कात्री अडखळली. ताई हसली, ते नेहमीचं हसू नव्हतं, थोडं घाबरलेलं होतं. पुठ्ठा फाटला. "अरे देवा, मान गेली. थांबा, ही बाजूने चिकटवू." गोंदाची बाटली पडली आणि गोंद टेबलाच्या कडेवरून ओघळून काकांच्या टकलावर आला. त्यांनी हूं की चूं केलं नाही. मग काही तरी धप्पकन बसलं.

"माझा बसला," ताई म्हणाली. "खरं सांगू, हा माझा पहिलाच. आतापर्यंत जे मी तुम्हाला दाखवायचे ते आमचे तयारकाका करायचे, आणि त्यांच्या जिराफाच्या मानेत काठी होती. ज्यांचे जिराफ पडले, त्यांनी चुकीचं काही केलं नव्हतं. आणि हा बघा, हा काकांच्या नातीने केलाय." तिचा हात खाली आला. काकांनी त्यात शहामृग ठेवला. हात जरा वेळ तिथेच राहिला, मग वर गेला.

कार्यक्रम संपल्यावर दिग्दर्शक म्हणाला, "काका, उद्या वरून बोलावणं आलं तर माझ्यासोबत तुम्हीही चला." काका म्हणाले, "येतो की." मग टक्कल पुसायला फडकं मागितलं.

घरी ते जरा जपूनच आले. जिन्यात थांबले, आतून काही ऐकू येतंय का बघितलं. आजीचा आवाज चढलेला होता. दार उघडलं तर टीव्ही चालू, कुणीच बघत नाही. फरशीभर पुठ्ठ्याचे कपटे. त्यांच्या मध्ये मुंगी, आणि मुंगीच्या दोन्ही हातांत आजीची कापड कापायची ती मोठी लोखंडी कात्री, जिला घरात आजवर दुसऱ्या कुणी बोट लावलं नव्हतं. शिलाईचा दोरा भरून आलेल्या खोक्याला ती मधोमध कापत होती.

"बघा, बघा तुमची नात," आजी म्हणाली. "दाराआडून टीव्ही बघत होती, कार्यक्रम संपायच्या आतच उठली. तुमच्या त्या टीव्हीवाल्या कात्रीने लोणीसुद्धा कापलं जात नाही म्हणे. माझी घेतली. पुठ्ठ्यावर चालवतेय. उद्या ब्लाउज कशाने कापू, दाताने?"

मुंगीने वर बघितलं नाही. जीभ ओठांच्या कोपऱ्यात होती.

"काय करतेयस गं?" काकांनी विचारलं.

"माहीत नाही अजून. मोठं आहे पण."

"अहो, धार गेली तिची," आजी म्हणाली. "काही बोला तिला."

काकांनी चपला काढल्या, कपट्यांतून पाय जपून टाकत आत आले आणि आजीच्या शेजारी स्टुलावर बसले.

"कापू दे तिला," ते म्हणाले. "धार मी लावून देतो."